नसीम सिस्टरांचं खमीर

नसीम सिस्टर अवघड प्रश्न नेहमी पाठमोऱ्या उभ्या राहून विचारायच्या. बाई स्टुलावर बसली की त्या वळायच्या, बेसिनचा नळ सोडायच्या आणि हात धूत धूत, भिंतीवरच्या पालीशी बोलावं तशा आवाजात म्हणायच्या, "हं, बोला. कवापासून खाजतंय?" इतका वेळ धुवावे लागतील असे हात कुणाचेच मळलेले नसतात. पण समोर डोळे नाहीत म्हटल्यावर बाईची जीभ सुटायची. सगळं सांगून झालं की नळ बंद व्हायचा, सिस्टर वळायच्या आणि काहीच विशेष ऐकलं नाही अशा चेहऱ्याने टेबलाशी बसायच्या.

आमचं गाव कुंभार पिंपळगावपासून चार किलोमीटर आत. तिथल्या आरोग्य उपकेंद्रात त्या नर्स होत्या. मी गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. उपकेंद्रासमोर गयाबाईंचं घर आणि गयाबाईंच्या माळवदावर जाणाऱ्या जिन्याखाली माझी भाड्याची खोली. त्यामुळे सिस्टरांचा दवाखाना मला चहा पिता पिता दिसायचा. त्यांचा आवाज तर त्या दिसायच्याही आधी ऐकू यायचा.

उंचीने बेताच्या, अंगाने भरलेल्या, पांढऱ्या साडीवर डोक्याला घट्ट ओढणी आणि चष्मा कायम कपाळावर. वाचायचं असलं की तो शोधत फिरायच्या. शनिवारी दुपारच्या एसटीने अंबडला घरी जायच्या आणि सोमवारी खारीचा एक डबा घेऊन यायच्या. त्यांच्या वडिलांची अंबडला बेकरी होती, आता भाऊ चालवतो. तपासणीला आलेल्या बाईला आधी खारी, मग इंजेक्शन, असा क्रम. गावातली पोरं लस टोचून घ्यायला रांग लावायची त्यामागचं गुपित हेच.

त्यांच्या खोलीच्या दारावर हिरवा पडदा होता. पडदा ओलांडताना त्या प्रत्येकीला बजावायच्या, "शरम चपलांबरोबर बाहेर ठेवा. जाताना पायजे तर घालून जा."

मी शिकलेली बाई असल्यामुळे माझी शरम चपलांएवढी सहज निघत नव्हती. एका हिवाळ्यात घसा धरला म्हणून मी अंबडहून गोळ्या आणून खाल्ल्या. घसा सुटला आणि आठवड्याभरात भलतंच सुरू झालं. वर्गात फळ्याकडे तोंड करून उभं राहावं लागेल अशी खाज. मी पिंपळगावच्या एका मेडिकलमध्ये गेले आणि इकडेतिकडे बघत "अ‍ॅलर्जीचं मलम" मागितलं. दुकानदारानेही इकडेतिकडे बघत दिलं. दोन दिवस बरं वाटलं, तिसऱ्या दिवशी आग आग. शेवटी शाळा सुटल्यावर हवापाणी विचारायला म्हणून उपकेंद्रात गेले. जरा वेळ कापसाच्या भावावर बोलले. मग म्हणाले, "सिस्टर, मला जरा तिकडं त्रास होतोय."

सिस्टरांनी नळ सोडला. "तिकडं म्हंजे कुठं, मॅडम? अंबडला का जांब समर्थला?"

मला हसू फुटलं आणि हसताना सगळं सांगून झालं. मलमाची ट्यूब त्यांनी चष्मा शोधून वाचली आणि सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकली. म्हणाल्या, "ह्याच्यानं खाज दबती. वरून सगळं चूप, अन् खाली खमीर मजेत वाढून राह्यलंय."

खमीर हा त्यांचा शब्द. पुस्तकात कॅन्डिडा, यीस्ट, बुरशी काय म्हणायचं ते म्हणा. बेकरीवाल्याच्या पोरीला तो जीव लहानपणापासून ओळखीचा होता. अर्थात पावातलं खमीर वेगळं आणि हे वेगळं, एवढं त्या प्रत्येकीला सांगायच्या, नाहीतर गावातल्या बायकांनी पाव खाणं सोडलं असतं आणि भावाची बेकरी बुडाली असती.

"हे बाहेरून येत न्हाई, मॅडम," त्या म्हणाल्या. "आपल्या अंगात ते असतंयच, कोपऱ्यात गुमान बसलेलं. त्याला दाबून ठेवणारे चांगले जंतूबी असतेत. तुमच्या घशाच्या गोळ्यांनी ते चांगलेच मारून टाकले. मंग राखणीला कोण राह्यलं? आमचे अब्बा म्हणायचे, खमिराला तीन चिजा पायजेत. ऊब, ओल अन् गोड. तिन्ही भेटल्या की पीठ परातीबाहेर येतंय."

मग त्यांनी मला खुणा सांगितल्या. फाटलेल्या दुधासारखं घट्ट पांढरं जातंय, खाज लई, लघवीला आग, लाली, पण फारसा वास नाही, तर बहुतेक हे. वास मारायला लागला, पिवळं-हिरवं दिसलं, ओटीपोट दुखलं किंवा ताप आला तर ते दुसरंच काहीतरी, तिथे थांबायचं नाही, डॉक्टरांकडे जायचं. साबणाने, जंतुनाशक पाण्याने आत धूत बसायचं नाही. मंगळवारी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी तपासलं, सहा रात्री आत ठेवायच्या सहा गोळ्या दिल्या. सिस्टरांनी पुडी माझ्या हातात देताना ती सोडलीच नाही. "सहा म्हंजे सहा. दोन दिवसांत खाज जाती. तरी सहा."

ह्या सहाचा त्यांनी ध्यासच घेतला होता. आमच्या गावात बायका दोन गोळ्यांत बरं वाटलं की उरलेल्या चार जावेला देतात. एकीला खाजतंय तर दुसरीलाही खाजत असणारच, असा त्यामागे जिव्हाळा. महिन्याने दोघी जावा एकत्र पडदा ओलांडून आत यायच्या आणि सिस्टर तेव्हा मात्र नळ न सोडता बोलायच्या. तो आवाज मला शाळेत ऐकू यायचा.

पण त्यांची खरी लढाई होती ओलीशी. आमच्याकडे बाईची साडी उन्हात वाळते, परकर साडीच्या आड वाळतो आणि आतले कपडे परकराच्या आड, नाहीतर न्हाणीत खुंटीला, नाहीतर पलंगाखाली. ते वाळतच नाहीत. सकाळी बाई तेच दमट कपडे अंगावर चढवून कापूस वेचायला जाते आणि दिवसभर घामात असते. सिस्टर म्हणायच्या, "दोन चिजा तर तुम्हीच देऊन राह्यल्या, ऊब अन् ओल. खमिराला आणखी काय पायजे?"

कुणी ऐकेना. तेव्हा एके दिवशी त्यांनी उपकेंद्राच्या पुढच्या बाजूला, सरकारी पाटीच्या शेजारी दोरी बांधली आणि स्वतःचे सगळे कपडे, म्हणजे सगळे, ओळीने वाळत घातले. रस्ता मारुतीच्या पारावर जाणारा. पारावरच्या मंडळींनी दोन दिवस रस्ता बदलला. तिसऱ्या दिवशी सरपंच आले. चहा घेतला, खारी घेतली, आणि म्हणाले, "शिस्टर, बाकी सगळं बराबर हाय. ते दोरीचं जरा मागल्या अंगाला घेता का?"

सिस्टर म्हणाल्या, "घेते की. सरपंच, तुमच्या बनियनी कुठं वाळतेत?"

"कुठं म्हंजे? वट्ट्यावर."

"त्या मागं न्या. मंग मी नेते."

सरपंचांनी कपातला चहा संपवला आणि ते निघून गेले. दोरी राहिली. सरपंचीणबाईंनी पंधरा दिवसांनी आपल्या माळवदावर उघडी दोरी बांधली तेव्हा सिस्टर मला हाताला धरून दाखवायला घेऊन गेल्या होत्या. एखाद्याने घराचा पाया दाखवावा तसा त्यांनी मला सरपंचांच्या घरचा परकर दाखवला.

अशा जिंकणाऱ्या माणसाची अडचण ही की त्याला मग सगळीकडे तीच लढाई दिसू लागते. सिस्टरांचं तसं झालं, आणि ते झालं गयाबाईंच्या बाबतीत.

गयाबाई माझ्या घरमालकीण. वय पन्नाशीच्या आत, कामाला वाघीण, बोलायला कमी. एकुलती मुलगी रेणुका अंबडजवळ दिलेली. ती पहिल्यांदा गरोदर राहिली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, सातव्यात मुलीला घेऊन यायचं, हे आमच्याकडे कुणी कुणाला सांगावं लागत नाही. पण सातवा लागला तरी गयाबाई हलेनात. व्याह्यांचा फोन आला तर म्हणाल्या, घर गळतंय. घर गळत नव्हतं, मी त्यातच राहत होते. पुढच्या फोनला म्हणाल्या, पाण्याची अडचण हाय. नळाला रोज पाणी येत होतं.

एके दिवशी रेणुकाचा मला फोन आला. लहानपणी माझ्याच वर्गात होती ती. "मॅडम, मायला काय झालंय हो? मला न्यायला का येईना? सासू म्हणती, तुझ्या मायला तू जड झाली." आणि ती रडायला लागली.

त्या संध्याकाळी मी गयाबाईंपाशी जाऊन बसले. त्या ज्वारी पाखडत होत्या. रेणुका रडत होती म्हटल्यावर सूप खाली ठेवलं.

"कशी आणू, मॅडम? माझं अंग नासलंय. चार महिने झाले. गोळ्या घेतल्या का थांबतंय, पुन्ना सुरू होतंय. असल्या हातानं लेकराला न्हाऊ घालू? त्येला लागलं म्हंजे?" मग आवाज आणखी खाली आणून म्हणाल्या, "अन् शिस्टर म्हणते मीच घाण हाय. कपडे वाळवीत न्हाई म्हणती."

मला सिस्टरांचा खरंच राग आला. कारण महिन्यापूर्वी त्यांनी मलाच गयाबाईंवर नजर ठेवायला सांगितलं होतं आणि मी ठेवलीही होती. गयाबाईंचे कपडे माळवदावर, भर उन्हात, सगळ्या गावाला दिसतील असे वाळत होते. मी तसं सांगितलं तर सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही शाळेत गेल्या का ती काढत असंल. मला माहीत हाय ह्या बाया."

मी गयाबाईंना विचारलं, मी सिस्टरांशी बोलू का. त्यांनी मान हलवली, हो की नाही ते मला कळलं नाही. मी हो धरलं आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या मधल्या सुट्टीत सिस्टरांना सगळं सांगितलं. रेणुकाच्या फोनचंही सांगितलं. सिस्टरांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि तडक रस्ता ओलांडून गयाबाईंच्या माळवदावर चढल्या. दुपारचे बारा. गयाबाईंना त्या येणार हे ठाऊक नव्हतं. दोरीवर सगळं लख्ख वाळत होतं. सिस्टरांनी एकेक कपडा हाताने चाचपून पाहिला. कडक वाळलेला.

त्या खाली आल्या तेव्हा गयाबाई शेतातून येऊन रांजणापाशी उभ्या होत्या. एक तांब्या पाणी प्यायल्या. लगेच दुसरा भरला, तोही घटाघटा संपवला. सिस्टर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभ्या राहून बघत होत्या.

"गयाबाई, रात्री लघवीला किती बार उठता?"

"उठते की. चार-पाच येळा."

"पायाला हे काय बांधलंय?"

"काटा मोडल्ता. दीड महिना झाला, भरंना."

सिस्टरांनी मला उपकेंद्रातून साखर तपासायचं छोटं यंत्र आणायला पिटाळलं. गयाबाईंच्या बोटाला सुई टोचली, थेंब पट्टीला लावला. आकडा बघितला आणि मला दाखवला.

"अब्बा तीन चिजा म्हणायचे," सिस्टर म्हणाल्या. "मी गावभर तीन सांगत फिरले, अन् स्वतः दोनच धरून बसले. हिच्या रक्तातच साखर हाय. खमिराला घरबसल्या गोड भेटून राह्यलंय, ते गोळ्यांनी कसं जाईल?" मग त्यांनी गयाबाईंचा तो टोचलेला हात दोन्ही हातांत धरला. "गयाबाई, तुम्ही घाण न्हाई. बिलकुल न्हाई. चूक माझी हाय. मी आधी साखर बघायला पायजे होती, ते सोडून तुमच्या परकराच्या मागं लागले. मला माफ करा."

गावात सरकारी माणसाने माफी मागितलेली मी त्याआधी ऐकली नव्हती, त्यानंतरही नाही. गयाबाईंनाही ती कशी घ्यायची ते कळेना. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या, चहा टाकते." सिस्टर म्हणाल्या, "टाका. पर बिनसाखरेचा."

पुढे रीतसर घनसावंगीच्या रुग्णालयात नेऊन तपासण्या झाल्या, साखरेच्या गोळ्या सुरू झाल्या, खाजेचा औषधोपचार डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पहिल्यापासून आणि ह्यावेळी जास्त दिवसांचा दिला. पायाची जखम भरली. दोन महिन्यांत गयाबाई रात्री एकदाच उठू लागल्या. आठव्यात मुलीला आणत नाहीत, म्हणून नववा लागताच त्या स्वतः जीप करून रेणुकाला घेऊन आल्या. विहीणबाईंचा रुसवा काढायला सिस्टरांच्या डब्यातली खारी गेली होती असं मला नंतर कळलं.

रेणुका आली आणि पहिल्याच तपासणीत तिने पडद्यामागे हळूच सांगितलं की तिलाही खाजतंय. सिस्टर म्हणाल्या, पोटुशीपणी हे पुष्कळ जणींना होतं, अंगातला बदल असतो, घाबरायचं नाही. पण तोंडाने घ्यायची गोळी ह्या दिवसांत नाही, आत ठेवायचीच, आणि तीही डॉक्टरीणबाई देतील तीच. तशा सहा मिळाल्या. सगळ्या संपवल्यास ना, असं सिस्टर तिला चार वेळा विचारून गेल्या. ती माझी विद्यार्थिनी, दर वेळी हो म्हणाली. तिने दोन घेतल्या आणि चार ठेवून दिल्या होत्या. कबूल मात्र बाळंत झाल्यावर केलं.

बाळ झालं ते मुलगी. घर कसं भरून गेलं. सगळं छान, एक गोष्ट सोडून. गयाबाई बाळाला हात लावत नव्हत्या. रोज न्हाऊ घालायला त्यांनी गल्लीतली एक म्हातारी लावली होती. विचारलं की म्हणायच्या, कंबर धरलीय. ज्या बाईने ज्वारीची पोती पाठीवर वाहिली तिची कंबर नेमकी पाच पौंडांच्या बाळाला धरावी, हे मला पटत नव्हतं. त्या दारात उभ्या राहून म्हातारीला सूचना करायच्या, बाळाचं डोकं धर, कान झाक, आणि स्वतःचे हात पदरात गुंडाळून ठेवायच्या. ते बघून मला फार वाईट वाटायचं.

बाराव्या दिवशी सकाळी रेणुकाची हाक आली. बाळ दूध ओढत नव्हतं. जिभेवर, गालाच्या आत पांढरे ठिपके होते. म्हातारीने दूध गोठलंय म्हणून कपड्याने पुसलं तर खाली लाल झालं. म्हातारी म्हणाली, टाकणखार लावा. गयाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. त्यांचा चेहरा मला बघवेना. त्यांना ज्याची भीती होती तेच झालं होतं.

मी धावत सिस्टरांना आणलं. त्यांनी बाळाचं तोंड उजेडात बघितलं. "खमीर. लई लेकरांना होतंय. टाकणखार न्हाई, मध न्हाई, खरवडायचं न्हाई. डॉक्टरीणबाईंना फोन लावते, त्या सांगतील ते औषध तोंडात लावायचं, अन् रेणुका बेटा, तुझ्या छातीलाबी. दूध चालू ठेवायचं. पाच-सात दिवसांत साफ."

"माझंच लागलं," गयाबाई म्हणाल्या.

सिस्टर वळल्या. "तुम्ही लेकराला कवा घेतलं?"

"न्हाई घेतलं."

"न्हाऊ घातलं?"

"न्हाई."

"पापा घेतला? बोट चोखायला दिलं?"

गयाबाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "बारा दिवसांत हात न्हाई लावला, शिस्टर. एकदाबी न्हाई."

"मंग तुमच्यापासून कसं लागलं, सांगा मला. हात लावला न्हाई तरी आलं. लेकरू आईच्या अंगातून येताना घेऊन येतंय, कुणाकुणाला असंच होतंय. त्यात रेणुकाचीबी चूक न्हाई, तुमची तर बिलकुल न्हाई."

रेणुकाने तेवढ्यात त्या चार गोळ्यांचं कबूल करून टाकलं. सिस्टरांनी तिच्याकडे असं बघितलं की एरवी गल्ली हादरली असती. पण आज ती वेळ नव्हती. बारा दिवस स्वतःला अपराधी समजून बसलेली बाई समोर होती. गयाबाईंनी पदरातले हात बाहेर काढले. मग लहान मुलीने विचारावं तसं त्यांनी विचारलं, "मंग मी न्हाऊ घालू?"

सिस्टर आधी फोनवर डॉक्टरीणबाईंशी बोलल्या, बाळ बघायला आलेल्या जावयाला औषध आणायला पिटाळलं. मग म्हातारीला म्हणाल्या, "मावशी, आज तुमाला सुट्टी." न्हाणीत पाट मांडला. गयाबाई पाय लांब करून बसल्या, लुगडं गुडघ्यांपर्यंत सारलं. सिस्टरांनी बाळ उचललं आणि त्यांच्या पायांवर पालथं ठेवलं. गयाबाईंनी तेलाचा हात त्या एवढ्याशा पाठीवर ठेवला. तो एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरला, आणि मग फिरतच राहिला.

त्या महिन्याच्या शेवटी नसीम सिस्टर निवृत्त झाल्या. मी त्या न्हाणाच्याच दिवशी शाळेतून परस्पर जालन्याला प्रशिक्षणाला गेले ते महिना संपल्यावरच परतले, निरोपाला नव्हते. त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच सकाळी. शाळेची वेळ झाली म्हणून मी निघाले होते. दारातून वळून पाहिलं तर न्हाणीत वाफ दाटली होती, बाळ सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं रडत होतं, गयाबाई हसत होत्या, आणि पांढऱ्या साडीचा पदर खोचून, गुडघ्यापर्यंत भिजून सिस्टर तांब्याने पाणी ओतत होत्या. "पाणी ऊन हाय, गयाबाई," त्या म्हणत होत्या, "थांबा, विसण घालते. तुम्ही डोकं धरा. नीट धरा. तुमचंच हाय ते."